किलोमीटर नंतर, आधी चढ विचारा

सहलीच्या माहितीपत्रकात किलोमीटरचा आकडा ठळक असतो. चढाचा आकडा असलाच तर कुठेतरी कोपऱ्यात. आमच्या मते हे उलट हवं. सपाट, मळलेल्या वाटेवरचे १४ किलोमीटर धडधाकट माणूस सकाळी निघून दुपारच्या आत संपवतो. त्याच १४ किलोमीटरमध्ये ९०० मीटरची चढाई आणि तेवढीच उतराई असेल तर दिवस जातो. वाट घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उताराची असेल तर अंधारही पडू शकतो. गाइडबरोबर चालायला किंवा सायकलवर जाताना त्याची परीक्षा घ्यायची असेल, तर त्याला दृश्यं किती सुंदर आहेत हे विचारू नका. चढ किती, पायाखाली काय आणि परत किती वाजता फिरणार, एवढंच विचारा.

वेळेचा हिशेब जुनाच आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर चढलेल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. पुढे त्यात उताराची दुरुस्ती आली. सौम्य उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करायची आणि तीव्र उतारावर तेवढीच वाढवायची. हा दुसरा भाग लोक विसरतात. उतरणं म्हणजे फुकटात मिळालेला रस्ता, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

वरच्या उदाहरणात १४ किलोमीटरचे २ तास ४८ मिनिटं, चढाचा दीड तास आणि तीव्र उताराची ३० मिनिटं मिळून ४ तास ४८ मिनिटं होतात. पण ही एकट्या, सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाची वेळ झाली. दहा-बारा जणांच्या मिश्र गटासाठी आम्ही ती १.४ ने गुणतो, म्हणजे पावणेसात तास. त्यात तासाला १० मिनिटांची विश्रांती आणि खाण्यासाठी ४० मिनिटं धरली की आकडा साडेआठ तासांवर जातो. सकाळी सातला निघालात तर परत यायला साडेतीन. दिवस मावळायच्या आत दोन-अडीच तास हाताशी राहतात, आणि ते राहायलाच हवेत. एखाद्याचा पाय मुरगळला तर तेच वापरायचे असतात.

१.४ कुठून आलं? काही भाग हळू चालण्याचा, पण मोठा भाग खोळंब्याचा. दोन मीटर उंचीचा एकच कातळटप्पा आला आणि प्रत्येकाला एक मिनिट लागलं, की बारा जणांची बारा मिनिटं जातात. पुढचे थांबतात, मागचे धापा टाकत पोचतात, आणि ते पोचताक्षणी पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून विश्रांतीची १० मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. हा एवढा साधा नियम पाळणारा गाइड दिसला की बाकीचंही बरंचसं ठीक असतं.

परतीची वेळ निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर सांगायची: ‘शिखर आलं असो वा नसो, १२ वाजता मागे वळायचं.’ हा निर्णय वर पोचल्यावर घ्यायचा नसतो. शिखर वीस मिनिटांवर दिसत असताना कोणाचंच डोकं थंड राहत नाही, गाइडचंसुद्धा.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम कंटाळवाण्या गतीने चालावं. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. मग एक छोटा थांबा घेऊन जास्तीचे कपडे काढायचे आणि बुटाच्या नाड्या पुन्हा आवळायच्या. टाच चोळायला लागल्याची जाणीवही इथेच होते. फोड येण्याआधी त्या जागी चरचरतं, आणि उपाय करायची वेळ तीच. पाय कोरडा करून पट्टी लावायची. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापले तर मोज्यात अडकून सुटत नाहीत. ‘पुढच्या थांब्याला बघू’ म्हणणाऱ्याला संध्याकाळी पाण्याने टम्म भरलेला फोड बघायला मिळतो.

उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. याला बूट लहान असण्याइतकंच नाडी सैल असणंही कारणीभूत असतं. वरच्या दोन छिद्रांमधून नाडी त्याच बाजूला परत आत घालून दोन्हीकडे छोटे फास करायचे. मग डावं टोक उजव्या फासातून, उजवं डाव्यातून काढून खाली ओढायचं आणि गाठ मारायची. टाच मागे बसते, पाऊल पुढे सरकत नाही. नखं आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी कापावीत.

काठ्यांची लांबी कोपर काटकोनात राहील एवढी असावी. चढाला ५ ते १० सेंटिमीटर कमी करा, उताराला तेवढीच वाढवा. पट्ट्यात हात खालून वर घालून मग मूठ धरायची. तसं केलं की भार पट्ट्यावर येतो, मूठ आवळून दुखत नाही. सॅकचं वजन दिवसभराच्या सहलीला शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावं. जड वस्तू पाठीला लागून, खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये ठेवा, आणि कंबरपट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर बांधा.

आता पायाखालचं. घसाऱ्यावर माणसं एकामागोमाग उतारावरच्या सरळ रेषेत कधीच ठेवू नयेत. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्याकडे येतो. एक तर सगळे अगदी जवळ चालतात, म्हणजे दगडाला वेग धरायला जागाच उरत नाही, नाहीतर एकेक जण पूर्ण पार होईपर्यंत बाकीचे आडोशाला थांबतात. मधलं अंतर सर्वांत धोक्याचं, आणि बहुतेक गट नेमके तेच ठेवतात. ओल्या कातळावर काळपट-हिरवा पट्टा म्हणजे शेवाळ. तिथे बूट कितीही महाग असला तरी धरत नाही. झाडांच्या ओल्या मुळांवर आडवा पाय टाकू नका, ओलांडून जा.

रानात वाटा फुटतात तिथे ढोरवाट ओळखता आली पाहिजे. ती जमिनीवर अगदी माणसाच्या वाटेसारखी मळलेली असते, पण चेहऱ्याच्या उंचीला फांद्या आडव्या येत राहतात, कारण जनावरं खालून जातात. अशी वाट पाण्याशी किंवा चरायच्या जागेत जाऊन विरते. दाट झाडीत आणि खोल घळीत जीपीएसचा ठिपका बरेच मीटर इकडेतिकडे सरकतो. त्यामुळे ‘मी वाटेच्या डावीकडे दिसतोय’ म्हणून झुडपात शिरू नये. गोचीड चिकटली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. तेल ओतणं, चटका देणं हे उपाय करू नका.

ओढा ओलांडताना कंबरपट्टा आधी सोडायचा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे, आणि एका वेळी एकच पाय हलवायचा. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर गेलं की नवख्या गटाने मागे फिरावं. हिमनदीतून येणारं पाणी पहाटे सर्वांत कमी असतं आणि दुपारनंतर वाढतं, त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परतीला अडवू शकतो.

किनाऱ्यावरची चाल सर्वांना सोपी वाटते, आणि अडकतातही तिथेच. दिवसात दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. काल ज्या वेळी खडकाच्या टोकाला वळसा घातला, त्याच वेळी आज वाट मिळेलच असं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटी संपल्यावर सहा तासांत ते बाराव्या हिश्शांच्या हिशेबाने वाढतं: पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी ३, मग २ आणि १. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर चढतं. लोक ते बघून निर्धास्त होतात. तिसऱ्या तासात तेच पाऊण मीटर चढतं. म्हणून वळसा ओहोटी चालू असतानाच सुरू करायचा आणि ओहोटीच्या तळानंतर दोन तासांच्या आत पलीकडे निघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणामुळे फरक मोठा असतो. तेव्हा हा हिशेब आणखी कडक ठेवा. वाळूत चालायचं तर ओल्या, घट्ट पट्ट्यावरून. कोरड्या वाळूत प्रत्येक पावलाचा थोडा भाग मागे घसरतो आणि पोटऱ्या भरून येतात.

उंचीचं थोडक्यात. दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं, आणि वारा असेल तर अंगाला त्याहून जास्त गार लागतं. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड असताना आणखी वर जाणं हा हट्ट आहे. त्याला जिद्द म्हणू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. धार, शिखर, एकटं झाड सोडा, एकमेकांपासून अंतर ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, कडक उन्हात पाऊण ते एक लिटर. तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, आणि लक्षणं (मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा) पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात. म्हणून गाइडने ‘पाणी प्यालात का’ याबरोबर ‘किती प्यालात, लघवी झाली का’ हेही विचारावं. लाजायचं कारण नाही.

सायकलवर हिशेब बदलतो, पण चढाचा आकडा तिथेही मालक असतो. ७० किलोचा माणूस आणि सामानासह १५ किलोची सायकल असेल, तर नवखा माणूस तासाला सुमारे ४०० ते ५०० मीटर उंची गाठतो. घाट कितीही वळणांचा असो, ही गती फारशी बदलत नाही. ४५० धरले तर ५ टक्के चढावर (१०० मीटरला ५ मीटर उंची) तुमचा वेग ताशी ९ किलोमीटर, आणि ८ टक्के चढावर साधारण साडेपाच.

आता गिअर बघा. मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.१५ मीटर असतो. पुढच्या चकतीला ३४ दाते, मागे सर्वांत मोठ्या चकतीला २८ असतील, तर ताशी साडेपाच किलोमीटरला पाय मिनिटाला जेमतेम ३५ वेळा फिरतात. तो प्रत्येक फेरा गुडघा मोडणारा असतो. पुढे २६ आणि मागे ३६ असतील तर त्याच चढावर ६० फेरे मिळतात आणि दम लागला तरी गुडघा वाचतो. डोंगराळ सहलीसाठी सायकल भाड्याने घेताना कंपनीचं नाव आणि वजन बघायच्या आधी हे दोन आकडे मोजा. मागची सर्वांत मोठी चकती पुढच्या सर्वांत लहान चकतीपेक्षा मोठी हवी. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला. पूर्ण जोर लावलेल्या चेनवर बदलला तर ती कडकडते, निसटते, कधी तुटते.

सीटची उंची जागेवरच तपासता येते. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात योग्य तेवढा वाक आपोआप येतो. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, वर असली की मागच्या. कंबर डुलत असेल तर ती वरच आहे.

टायरच्या हवेबाबत लोक हटकून चुकतात, आणि बहुतेक वेळा जास्त भरून. ७५ किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरचा टायर डांबरी रस्त्यावर ४५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), खडीच्या वाटेवर ३५च्या आसपास पुरतो. दगडगोट्यांवर कडक टायर उड्या मारतो, पकड सुटते आणि मनगटं दुखतात. फार कमी केली तर टायर दगडावर दबून ट्यूब रिमला चिमटते. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर हेच झालंय, काटा शोधत बसू नका. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप सरकलीय किंवा स्पोकचं टोक वर आलंय. बाहेरच्या बाजूला एकच असेल तर टायरमध्ये काहीतरी घुसलेलं आहे, आणि ते न काढता नवी ट्यूब घातली तर पाच मिनिटांत तीही जाते. म्हणून ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या खुणेपाशी होता ते लक्षात ठेवायचं. ट्यूब टायरशेजारी धरली की भोकासमोरची जागा सापडते. तिथे आतून बोट अगदी हलक्या हाताने फिरवा, काच असू शकते.

गटात असताना वाटेत पॅच लावू नये. ट्यूब बदलावी आणि पॅचचं काम मुक्कामाला करावं. पॅच सुटतो तो बहुधा घाईमुळे. ट्यूब घासून सोल्युशन पातळ पसरा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं, थांबा आणि मगच पॅच दाबा. आणि पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का, हे घरीच बघा. गटात पाच पंप असावेत आणि एकही प्रेस्टाला (बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला) लागू नये, असं सहज घडतं.

सायकल उजव्या कुशीवर पडली तर मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) धरणारा हँगर आत वाकतो. सपाटीवर काहीच जाणवत नाही. पहिल्या मोठ्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि सायकल तिथेच संपते. म्हणून पडल्यावर मागे उकिडवं बसून बघायचं: डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या मागच्या चकतीच्या सरळ रेषेत आहेत का? नसतील तर तो गिअर टाळा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे सुटा हँगर ज्याचा त्याने आणावा. गाइडच्या पेटीत सगळ्यांचे असूच शकत नाहीत.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. ८५ किलोचं ओझं ५०० मीटर खाली आणताना सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. हवेने खाल्लेला वाटा सोडला तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. रिमब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड गुळगुळीत होऊन धरेनासे होतात. सरळ भागात सायकल सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात पण एकसारखे दाबून वेग उतरवा, आणि वळणात ब्रेक नको. बाहेरचा पाय खाली, त्यावर भार. ताशी ३० किलोमीटरला सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर जातं, म्हणून दोघांत किमान तीन सेकंदांचं, म्हणजे २५ मीटर अंतर ठेवा.

फाट्यांवर माणसं हरवू नयेत म्हणून एक पद्धत आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. लीडर फाट्यावर पोचला की त्याच्या मागचा पहिला माणूस तिथे थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो, आणि सर्वांत मागचा कोलीडर आला की त्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर दुसरा थांबतो. मोडते ती दोन ठिकाणी. थांबलेला माणूस ‘आता सगळे गेले असतील’ म्हणून आपणच निघतो, किंवा कोणीतरी लीडरला मागे टाकून पुढे पळतो. म्हणून कोलीडरचं नाव आणि जाकिटाचा रंग सगळ्यांना माहीत हवा, आणि त्याने ‘चल’ म्हटल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. हत्यारं, ट्यूब आणि प्रथमोपचार कोलीडरकडेच ठेवावेत. बिघाड होतो तो माणूस मागेच पडतो. लीडर चार किलोमीटर पुढे पेटी घेऊन गेलेला असेल तर ती पेटी कोणाच्याच कामाची नाही. शिट्टी मात्र प्रत्येकाकडे: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं.

चालणं आणि सायकल एकाच सहलीत असतील तर क्रम बघून घ्या. मोठ्या उतरणीत मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. पॅडल मारताना स्नायू तसे वापरले जात नाहीत, म्हणून उतरणीच्या दुसऱ्या दिवशी सपाटीची सायकल बऱ्यापैकी निभते, दुसरी उतरण निभत नाही. एक दिवस डोंगर, एक दिवस सायकल, मग पुन्हा डोंगर, हा क्रम चालतो. पहिल्याच दिवशी १२०० मीटर उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच उतरवणाऱ्या आखणीवर सही करण्याआधी विचार करा.

आणि ज्या दिवशी सायकल लावून थोडं चालायचंही असेल, त्या दिवशी साधी रुंद पॅडल आणि ट्रेकचे बूट घाला. क्लीट (पॅडलमध्ये अडकणारा तळव्याचा तुकडा) बाहेर आलेले सायकलचे बूट कातळावर घसरतात. क्लीट तळव्यात खोल बसवलेले बूट अर्धा-पाऊण तासाच्या वाटेला चालतात, मात्र परत पॅडलवर चढण्याआधी क्लीटमध्ये अडकलेली माती काडीने काढा, नाहीतर बूट पॅडलमध्ये बसणार नाही आणि बसलाच तर ऐन वेळी सुटणार नाही.